नक्षी कांथा: बंगालची चित्रगोधडी

गोधडी आपल्या ओळखीची. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात तिचीच एक बहीण आहे, नक्षी कांथा. तिच्यावर मात्र बायका अख्खा परिसर भरतात.

मऊ झालेल्या जुन्या साड्या, धोतरं एकावर एक अंथरायची नि टाचून घ्यायची. पूर्वी रंगीत दोराही साडीच्या काठातूनच उसवून काढत. मधोमध उमललेलं कमळ, चार कोपऱ्यांत झाडं, आणि उरलेल्या जागेत मासे, मोर, हत्ती, होड्या. हत्ती कधीकधी मोराएवढाच निघतो, पण त्याने कुणाचं बिघडत नाही!

टाका मुख्यतः साधा धावदोराच. खरी करामत दिसते ती मोकळ्या पांढऱ्या जागेत. तिथे पांढऱ्याच दोऱ्याने आकृतींच्या कडेकडेने बारीक टाके घालत जातात. कापड किंचित आकसतं आणि त्यावर पाण्यासारखे तरंग उठतात. रंगीत मोरापेक्षा मला हे तरंगच जास्त आवडतात.

कवी जसीमुद्दीन यांनी १९२९ मध्ये अशाच एका कांथेभोवती दीर्घकाव्य रचलं. सनदी अधिकारी गुरुसदय दत्त यांनी तर गावोगावच्या जुन्या कांथा जमवल्या. कोलकात्यातल्या जोका इथलं संग्रहालय त्यांच्याच नावाचं आहे.