शनिवार दुपारच्या खर्चाविषयी
(वार्षिक सभेतील भाषण)



हिशेबाचा कागद आपल्या हाती आहे. त्यात ‘खेळ, लेझीम, भित्तिपत्रक’ अशी एक ओळ आहे. सभा सुरू होण्याआधीच दोघांनी मला विचारले, एवढे पैसे पुस्तकांवर का नाही? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज त्या एका ओळीवरच बोलतो.

आपल्या वसतिगृहातली मुले बहुतेक पारधी आणि कातकरी. घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. त्यामुळे सुरुवातीला ती वर्गात गप्प बसतात, आणि गप्प मूल ढ समजले जाते. त्यात पारध्याच्या लेकराचे दुखणे निराळे. इंग्रजांनी जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली देशभरातून गेला. शिक्का मात्र गेला नाही. वर्गात पेन हरवले की माना कुणाकडे वळतात, हे तुम्हाला सांगायला नको.

शनिवारी दुपारी मात्र चित्र पालटते. खो-खोत ही मुले कुणाच्या हाती लागत नाहीत. भित्तिपत्रकावर कातकरी मुली रानभाज्यांची, खेकड्यांच्या बिळांची माहिती लिहितात, आणि गावातली मुले त्यांनाच शंका विचारायला येतात. खेळाच्या कपाटाची किल्ली आम्ही एका पारधी मुलाकडे दिली आहे, आणि ती मुद्दाम. चेंडू मोजून देणे, परत घेणे, वहीत नोंद करणे, सगळे तोच पाहतो. सातवीतला मुलगा, पण दोरी आणून दिली नाही तर मलाही सोडत नाही!

हे काही आपण नव्याने काढलेले नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, आपल्या सांगलीकडचे. त्यांनी १९१९ साली कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एका पंगतीला जेवली, स्वयंपाकाला आणि शेतातल्या कामाला एकमेकांच्या शेजारी उभी राहिली. जात मोडायची ती भाषणाने नव्हे, सोबतच्या कामाने, हे त्यांनी ओळखले होते.

आणि खेळावरच्या खर्चाचे म्हणाल, तर कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवा. १९५२ साली हेलसिंकीला जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपली मुले ऑलिंपिकला जातील असे मी म्हणत नाही. मला काळजी आहे ती दिवाळीची.

दिवाळीच्या सुट्टीत मुले घरी जातात आणि त्याच सुमारास आईबाप ऊसतोडीला, वीटभट्टीला निघतात. मूलही सोबत गेले की वर्ष बुडाले, बहुधा शाळाही सुटली. गणिताचा तास बुडेल म्हणून परत आलेले मूल मी अजून पाहिले नाही. संघात आपली जागा आहे, किल्ली आपल्याकडे आहे, म्हणून बापाशी भांडून परत आलेली मुले पाहिली आहेत.

तेव्हा ती ओळ कापू नका. आणखी एक मागणे आहे. शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही भट्ट्यांवर आणि फडांवर मुले आणायला जातो. ज्यांच्याकडे जीप आहे त्यांनी दोन दिवस द्यावेत. बहिणींपैकी कोणी सोबत आल्या तर बरे, कारण मुलीला पाठवायचे की नाही, हे तिथे आईशी बोलूनच ठरते.