रहस्यकथेची चतुःसीमा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत इतिहास, संतवाङ्मय आणि संगीत यांच्या पंक्तीला रहस्यकथेचे पान मांडलेले पाहून काहींना नवल वाटले असेल. परंतु महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्या घरांत मराठी वाचनाची गोडी टिकवून धरण्याचे श्रेय जसे ज्ञानेश्वरीला, तसेच थोडेसे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारला आणि काळापहाडलाही द्यावे लागेल. सुटीत देशी गेलेली मंडळी परतताना लाडूंच्या डब्याखाली ही पुस्तके घालून आणीत, हे येथील वडीलधाऱ्यांना आठवतच असेल.

मी सरकारी नोकर. पंचनाम्याची भाषा माझ्या परिचयाची आहे. पंचनाम्यात गुन्हेगार पुढे कधीतरी येतो; आधी येते ते घटनास्थळ. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस कोणाची भिंत, दार कोणत्या बाजूस उघडते, ही चतुःसीमा ठरल्यावाचून पुढे जाता येत नाही. उत्तम रहस्यकथाही अशीच लिहिली जाते, असे माझे नम्र प्रतिपादन आहे. नाटकाचा पडदा बदलला तरी नाटक बहुधा तेच राहते. रहस्यकथेत मात्र स्थळ बदलले की गुन्हाच बदलतो. कोण आत येऊ शकतो, कोण कोणाच्या दृष्टीस पडतो, पळून जायला किती वेळ लागतो, हे सारे स्थळच ठरविते. अगाथा ख्रिस्ती यांनी १९३४ च्या कादंबरीत ओरिएंट एक्स्प्रेस बर्फात अडकविली, ती केवळ देखाव्यासाठी नव्हे. बर्फामुळे बाहेरचा मनुष्य आत आला नाही आणि आतला बाहेर गेला नाही. संशयितांची यादी तेथेच निश्चित झाली.

मराठीत गो. ना. दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्ससारख्या इंग्रज लेखकाच्या कथानकांना देशी वेष चढविला, तेव्हाच त्यांना हे उमगले असावे. लंडनचे कारस्थान आपल्याकडे आणायचे तर त्याला आपलेच किल्ले, आपलीच भुयारे द्यावी लागतात. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांचे बळ वेगात होते. स्थळ बहुधा धावत्या मोटारीतून दिसावे तसे ओझरते येई. उलट भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा फुरसुंगीचा पोरगा पुण्यात सायकल दामटू लागला की बालवाचकाला तो आपल्याच गल्लीतून गेल्यासारखे वाटते.

आता कोणी म्हणेल, स्थळ न पाहताही रहस्यकथा लिहिता येते. निश्चित येते. इंग्रजीतील सर्वपरिचित मराठी पोलीस अधिकारी म्हणजे मुंबईचा इन्स्पेक्टर गणेश घोटे. त्याचे जनक एच. आर. एफ. कीटिंग यांनी १९६४ साली त्याची पहिली कादंबरी लिहिली, तेव्हा त्यांनी मुंबईत पाऊलही ठेवले नव्हते. त्यांनी इंग्लंडमध्ये बसून, वाचनाच्या आधारे, मुंबई उभी केली. प्रत्यक्ष मुंबई त्यांना घडली ती सुमारे दहा वर्षांनी. न पाहिलेल्या शहरावर एक मनुष्य एवढे परिश्रम घेतो, तर ज्या शहरात आपल्या पिढ्या गेल्या त्यावर आपण एकही कथा का लिहू नये?

याहून जवळचे उदाहरण शरदिंदु बंद्योपाध्याय यांचे. ब्योमकेश बक्षीचे हे बंगाली लेखक प्रथम चित्रपटाच्या व्यवसायानिमित्त मुंबईस आले आणि १९५२ साली पुण्यास स्थायिक झाले. ब्योमकेशच्या कितीतरी कथा त्यांनी पुण्यात बसून लिहिल्या. त्यांत कोलकाता आहेच. परंतु ‘शैलरहस्य’ या कथेत त्यांनी आपल्या नायकाला चक्क महाबळेश्वरास आणले, तेही ऐन थंडीत. परमुलखात राहणाऱ्या लेखकाने मायभूमी मनात ठेवूनही उशाशी असलेला सह्याद्री पाहिला. आपण झाशीकर मराठी मंडळींनी हा धडा घेण्याजोगा आहे.

कारण झाशीचे स्वतःचे असे गूढ आहे, आणि ते केवळ किल्ल्यात नाही. रहस्यकथेत खून मध्यरात्री व्हावा, असा संकेत आहे. येथे ज्येष्ठात तो साधणार नाही! कूलर येण्यापूर्वी सारे गाव रात्री गच्चीवर निजत असे; जुन्या वस्तीत वीज गेली की आजही निजते. मध्यरात्री भिंत ओलांडणाऱ्याला शंभर साक्षीदार. उलट दुपारी दोन वाजता, लू वाहत असताना, रस्त्यावर चिटपाखरू नसते. बुंदेलखंडातील गुन्ह्याची वेळ भर दुपारची! पौषात धुके पडले की गाड्या तासन् तास उशिरा येतात. त्या वेळी ‘मी तर गाडीत होतो’ या बचावाचे काय करायचे? आणि आपले जंक्शन! एक वाट दिल्लीकडे, दुसरी भोपाळवरून मुंबईकडे, तिसरी कानपूरला, चौथी मानिकपूरला. उतरलेला अनोळखी मनुष्य पहाटेपर्यंत कोणत्या दिशेस गेला, हे शोधणे खरोखरच कठीण. शहराच्या जुन्या दरवाजांपैकी कित्येकांना त्या त्या वाटेवरील गावांची नावे आहेत: ओरछा, दतिया, सागर, भांडेर. त्यांतच एक खंडेराव दरवाजा. त्याच्या नावात आपली ओळख कोरलेली आहे.

झाशी म्हणजे १८५७–५८, तेवढे लिहून झाले, असा आपला समज आहे. वेढ्यात सापडलेल्या वरसईच्या गोडसे भटजींनी जे डोळ्यांनी पाहिले ते ‘माझा प्रवास’ या रूपाने १९०७ साली प्रसिद्ध झाले, आणि त्या ग्रंथाचे ऋण आपल्यावर आहे. परंतु भटजी प्रवासी होते. ते परत गेले. आपण राहिलो. कोणत्या वाड्याला मागच्या बोळात दुसरे दार होते, कोणत्या घराचा जिना शेजारच्या घरात उतरत असे, हे आपल्या आजींना ठाऊक आहे. नातवंडे पुण्याला, बंगळूरला, परदेशी जात आहेत. वाडे पाडून नवे मजले चढत आहेत. ही माहिती इतिहासाच्या ग्रंथात जाणार नाही. ती गोष्टीतच टिकेल, आणि गोष्टींतही ज्या गोष्टीला दार आणि जिना यांची नड असते तिच्यात अधिक.

म्हणून एक सूचना करतो. येत्या वर्षी मंडळाने रहस्यकथेची स्पर्धा ठेवावी. अट एकच: घटना झाशीतच घडावी आणि स्थळ इतके अचूक असावे की वाचकाला पायी जाऊन पडताळता यावे. तरुणांनी लिहावे, वृद्धांनी वाटा सांगाव्यात. आजीजवळ बसून ‘ते दार कोठे होते?’ असे विचारणाऱ्या नातवाच्या हाती रहस्यकथेबरोबर आणखीही काही लागेल, असा माझा विश्वास आहे.