अपुऱ्या दिवसांचे मूल आणि आईचा स्पर्श



अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्याचे कार्य आरंभिले आणि अल्पशिक्षित स्त्रियांच्या हाती आरोग्याचे ज्ञान सोपविले. आरोग्याचे रक्षण घरातूनच सुरू होते, हा त्या कार्याचा धडा. अपुऱ्या दिवसांच्या मुलाबाबत तर ते आईच्या कुशीतूनच सुरू होते.

३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बालकाला गर्भातील ऊब सोडून अकाली प्रखर प्रकाश, आवाज आणि सुया सोसाव्या लागतात. या ताणाने हृदयाचे ठोके वाढतात, श्वास अडखळतो, वाढीची शक्ती खर्ची पडते. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे ऊबपेट्या अपुऱ्या पडत, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी अशी बालके मातेच्या उघड्या उराशी ठेवण्याची पद्धत सुरू केली. हीच ‘कांगारू मदर केअर’. या स्पर्शाने बालक शांत होते, त्याचे तापमान व श्वास स्थिरावतात, स्तनपान सुलभ होते. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही सेवा दिल्यास मृत्यू सुमारे एक-चतुर्थांशाने घटतात, असे त्यात आढळले.

परंतु बाळ तासन्‌तास उराशी धरणाऱ्या मातेचे पाणी कोणी भरावे, सरपण कोणी आणावे? घरी येताच ती कामाला जुंपली गेली, तर हा उपचार उंबरठ्यावरच थांबतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने पिता वा आजीही बाळाला अशी ऊब देऊ शकतात. मातेला सवड देणे हे घराचे, आणि ती तिला मिळते की नाही हे पाहणे गावाचे कर्तव्य आहे.