शब्दैक्य आणि अर्थैक्य



 माझ्या आयुष्यातील बहुतेक वर्षे बँकांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या कारभाराचे आराखडे तयार करण्यात, म्हणजे संस्था-स्थापत्याच्या कामात, गेली. त्या कामात जे एक सत्य मला वारंवार प्रतीत झाले, तेच आज आपल्यापुढे मांडावे असे मी ठरविले आहे. ते सत्य असे की, एका संस्थेतील माणसे एकच शब्द वापरतात, एवढ्यावरून त्यांच्या मनांतील अर्थही एकच आहे असे धरून चालणे, ही आपल्या व्यवसायातील सर्वांत महाग पडणारी भूल होय. आणि ती टाळण्याचे जे शास्त्रशुद्ध साधन ऑन्टोलॉजी या नावाने आज आपल्या हाती आले आहे, त्याला आराखड्याच्या शेवटी परिशिष्टाची जागा न देता पायातील पहिल्या दगडाचा मान दिला पाहिजे.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका बँकेच्या तीन विभागांची संगणकीय दप्तरे एकत्र करण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्याच बैठकीत मी विचारले की, आपल्या बँकेचे ग्राहक किती? ठेव विभागाने एक आकडा सांगितला, कर्ज विभागाने दुसरा, आणि विम्याचे काम पाहणाऱ्या विभागाने तिसरा. आणि प्रत्येक विभागाची मनोमन खात्री अशी की, हिशेब चुकला आहे तो इतर दोघांचा. आम्ही नोंदी ताडून पाहिल्या, दुबार नावे वगळली, पत्ते जुळवले; आकडे काही जुळेनात. अखेर ठेव विभागातील एका अनुभवी कारकुनाने संयुक्त खात्याचा एक अर्ज माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "साहेब, हे नवराबायको आपण एक ग्राहक धरायचे की दोन?" त्या एका प्रश्नाने सगळा गुंता उलगडला. ठेव विभाग खाती मोजीत होता. कर्ज विभाग कर्जदारांबरोबर जामीनदारही मोजीत होता. आणि विमा विभाग ज्यांच्या जिवाचा विमा उतरविला आहे त्यांची, म्हणजे अज्ञान मुलांचीसुद्धा, गणना करीत होता. तिन्ही आकडे आपापल्या परीने खरे होते. खोटा होता तो आमचा समज, की आम्ही सारे एकाच पदार्थाची मोजणी करीत आहोत.

मी 'पदार्थ' हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला. पदार्थ म्हणजे पदाचा अर्थ. आपल्या पूर्वसूरींनी वस्तूला दिलेल्या नावातच शब्द आणि वस्तू यांचा संबंध गुंफून ठेवला आहे. वैशेषिकांनी द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय असे सहा पदार्थ मानले, पुढे त्यांत अभाव हा सातवा जोडला गेला. आणि या मांडणीमागे त्यांचा प्रश्न हाच होता की, जगात जे जे आहे ते कोणकोणत्या जातीचे आहे आणि त्याचे परस्परसंबंध कोणते. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात ॲरिस्टॉटलपासून चालत आलेला हाच विचार संगणकशास्त्राने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपलासा केला, आणि 1993 मध्ये टॉम ग्रुबर यांनी ऑन्टोलॉजीची जी व्याख्या केली तिचा आशय असा की, एखाद्या क्षेत्राविषयी आपण मनात धरलेली संकल्पनांची रचना स्पष्ट शब्दांत नमूद करणे म्हणजे ऑन्टोलॉजी. मराठीत तिला पदार्थव्यवस्था म्हणावे, अशी माझी सूचना आहे.

या दृष्टीने पाहता ग्राहक हा कोणत्या जातीचा पदार्थ? व्यक्ती ही व्यक्ती म्हणूनच अस्तित्वात येते आणि असेपर्यंत व्यक्तीच राहते. ग्राहक मात्र ती एखाद्या कराराने होते आणि करार संपताच ग्राहक राहत नाही, तरी तिच्या अस्तित्वाला त्यामुळे यत्किंचितही बाध येत नाही. म्हणजे व्यक्ती ही जात आणि ग्राहक ही भूमिका. आणि भूमिका ही नेहमी कोणत्या तरी संबंधातून जन्मते. निकोला ग्वारिनो आणि ख्रिस्तोफर वेल्टी यांनी या शतकाच्या आरंभी संकल्पनांची पारख करण्याची जी पद्धती सिद्ध केली, तिच्या मुळाशी हाच विवेक आहे. आमच्या बँकेत हा विवेक रुजू झाल्यावर आम्ही व्यक्ती, करार आणि त्या करारातील व्यक्तीची भूमिका अशा तीन निरनिराळ्या नोंदी केल्या. संयुक्त खाते म्हणजे एक करार आणि त्यात दोन व्यक्तींच्या दोन भूमिका, हे ठरल्यावर त्या कारकुनाच्या प्रश्नाला उत्तर मिळाले, आणि कोणत्याही विभागाला आपला आकडा मागे घ्यावा लागला नाही.

पदार्थ ठरला की त्याचे लक्षण करावे लागते, आणि लक्षणाची परीक्षा कशी करावी याचा धडा न्यायशास्त्राने आपल्याला केव्हाच घालून दिला आहे. अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव हे लक्षणाचे तीन दोष. "ज्याचे बचत खाते आहे तो ग्राहक" असे म्हटले, तर केवळ कर्ज घेतलेला मनुष्य बाहेर राहतो, ही अव्याप्ती. "जो शाखेत येऊन व्यवहार करतो तो ग्राहक" असे म्हटले, तर दुसऱ्याच्या खात्यात पैसे भरण्यासाठी आलेला शेजारीही आत येतो, ही अतिव्याप्ती. आणि "ग्राहक म्हणजे खाते क्रमांक" असे म्हटले, तर ते लक्षण एकाही ग्राहकाला लागू पडत नाही, कारण कोणताही ग्राहक कधी क्रमांक नसतो, हा असंभव. पुष्कळ जुन्या प्रणाल्यांची सारी इमारत या तिसऱ्या लक्षणावर उभी आहे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष अनुभवली असेल.

कारभारासाठी शब्द निश्चित करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी आणि दखनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याची रचना वर्णक्रमाने नसून राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग इत्यादी दहा वर्गांत आहे, या गोष्टीकडे आपल्या व्यवसायाने विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. अमरकोशाच्या वळणाने जाणारी ही रचना एका नव्या राज्यात कोणकोणत्या गोष्टी असतात याची गणतीच करते. पुढे महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने पदनाम कोश आणि शासन व्यवहार कोश सिद्ध करून हीच परंपरा चालविली. मात्र कोश आणि पदार्थव्यवस्था यांतील भेद ओळखला पाहिजे. शब्दसूची शब्दाचा अर्थ सांगते; वर्गीकरण कोणता शब्द कोणाच्या पोटात येतो ते सांगते; आणि पदार्थव्यवस्था याच्याही पलीकडे जाऊन कोणता पदार्थ कोणाशी कोणत्या नात्याने बांधलेला आहे, ते नाते अनिवार्य आहे की ऐच्छिक, एकाशी आहे की अनेकांशी, हे ठरवून देते. संस्थेचा कारभार चालतो तो नात्यांवर. म्हणून केवळ शब्दसूची करून थांबणारा स्थापत्यकार अर्ध्या वाटेवरच थांबतो.

या विचाराचे सर्वांत बोलके उदाहरण मला कोणत्याही परदेशी ग्रंथात सापडले नाही. ते आपल्या तलाठ्याच्या दप्तरात सापडले. गाव नमुना सातमध्ये जमिनीचा गट क्रमांक, तिचे क्षेत्र, भोगवटादाराचे नाव, भोगवट्याचा वर्ग आणि इतर हक्क यांची नोंद असते. बारामध्ये त्या जमिनीतील पिकांची. आठ-अ मध्ये एका खातेदाराच्या नावे गावात जी जी जमीन असेल ती एकत्र मांडलेली असते. आणि हक्कात पडणारा प्रत्येक फेर नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, चढतो. सात जमिनीच्या बाजूने पाहतो, आठ-अ मनुष्याच्या बाजूने पाहतो, आणि सहा काळाच्या बाजूने. तरी तिन्हींच्या पाठीमागे जमीन, धारक आणि हक्क यांची एकच पदार्थव्यवस्था उभी असते. 2012 मध्ये भूमी-प्रशासनासाठी जे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले, त्यातही पक्ष, भूभाग आणि त्यांना जोडणारे हक्क, निर्बंध व दायित्वे असाच सांगाडा आहे. आपण ज्याला निरनिराळे दृष्टिकोन आणि त्यांखालचे एकच प्रतिमान म्हणतो, ते आपल्या खेड्यांत संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून कागदावर नांदत होते.

परंतु याच दप्तरात आणखी एक धडा आहे. महसुलाच्या भाषेत खातेदार म्हणजे जमीन धारण करणारा. बँकेच्या भाषेत खातेदार म्हणजे खाते उघडणारा. पीककर्जासाठी शेतकरी सातबारा आणि आठ-अ घेऊन बँकेच्या खिडकीपाशी उभा राहतो, तेव्हा एकाच मनुष्याच्या अंगावर हा एकच शब्द दोन अर्थांनी येऊन बसतो. आणि कर्जाचा बोजा सातबाराच्या इतर हक्कांत चढतो, तेव्हा दोन्ही दप्तरांचा संबंध जुळावा लागतो. येथे केवळ शब्द पाहून दोन रकाने जोडणारा यंत्रज्ञ एका खातेदाराला दुसरा समजेल, आणि त्या चुकीचा भुर्दंड तालुक्याच्या कचेरीत खेटे घालणाऱ्या निरपराध शेतकऱ्याला सोसावा लागेल. अर्थनिश्चितीचा प्रश्न मला केवळ बौद्धिक वाटत नाही, तो न्यायाचा वाटतो, याचे कारण हेच आहे.

आपल्या शास्त्रातील प्रचलित साधनांचा विचारही याच कसोटीवर झाला पाहिजे. जॉन झॅकमन यांनी 1987 मध्ये जी चौकट मांडली आणि 1992 मध्ये जॉन सोवा यांच्या सहकार्याने जी सहा स्तंभांपर्यंत वाढविली, ती काय, कसे, कोठे, कोण, केव्हा आणि का या प्रश्नांनी संस्थेच्या प्रत्येक वर्णनाला त्याची जागा नेमून देते. नेदरलँड्समध्ये जन्मलेली आणि 2009 मध्ये ओपन ग्रुपने मानक म्हणून स्वीकारलेली आर्किमेट ही चित्रभाषा कर्ता, भूमिका, प्रक्रिया, सेवा आणि प्रणाली यांच्यात कोणते संबंध संभवतात ते सांगते. या दोहोंचे ऋण मोठे आहे. परंतु रिकाम्या फडताळाला कप्पे असले, म्हणून त्यात ठेवायच्या वस्तूंची ओळख पटत नाही. आपल्या संस्थेत ग्राहक कोण, ठेव कशाला म्हणावे, शाखा ही जागा आहे की अधिकार, याचा निर्णय कोणतीही आयती चौकट देणार नाही. तो आपणच करावयाचा आहे.

तो कसा करावा याविषयी टोरोंटो येथे ग्रुनिंगर आणि फॉक्स यांनी 1995 च्या सुमारास दिलेला उपदेश मला आजही शिरोधार्य वाटतो: आधी प्रश्न लिहा. जी पदार्थव्यवस्था कोणत्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी आहे हे ठाऊक नाही, ती पूर्ण झाली की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. "या व्यक्तीने किती कर्जांना जामीन दिला आहे?" असे वीसपंचवीस प्रश्न खिडकीवरच्या माणसांकडून मिळवावेत, प्रत्येक पदार्थाचे लक्षण एका वाक्यात लिहावे, आणि त्यासोबत एक उदाहरण व एक प्रत्युदाहरण द्यावे, कारण लक्षणाची सीमा प्रत्युदाहरणानेच स्पष्ट होते.

एकदा लक्षणे निश्चित झाली की यंत्राचे साह्य घेता येते. 2004 मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने मान्य केलेल्या आऊल या भाषेत पदार्थव्यवस्था लिहिली, तर व्यक्ती आणि कंपनी हे परस्परांहून सर्वथा भिन्न आहेत असे एकदा सांगितल्यावर, दोन्ही वर्गांत बसणारी नोंद विसंगत आहे हे यंत्र स्वतः अनुमानाने दाखवून देते. येथे वैशेषिकांच्या सातव्या पदार्थाची आठवण ठेवावी. नेहमीची दप्तरप्रणाली नोंद नाही म्हणजे वस्तू नाही असे मानून चालते. आऊलचे अनुमान मात्र नोंद नाही म्हणजे ठाऊक नाही एवढेच मानते. मृत ठेवीदाराच्या अर्जावर नामनिर्देशनाचा रकाना रिकामा असेल, तर त्याने कोणालाच नेमले नव्हते, की नेमलेले नाव चढवायचे राहून गेले? अभाव आणि अज्ञान यांतील हे अंतर ज्या आराखड्यात नाही, तो आराखडा त्या ठेवीदाराच्या विधवेला उत्तर देऊ शकत नाही.

एका धोक्याची सूचना देणे मी माझे कर्तव्य समजतो. अर्थैक्याच्या उत्साहात सक्तीचे एकमत लादले जाऊ नये. महसूल खात्याचा खातेदार आणि बँकेचा खातेदार यांना एका व्याख्येत कोंबणे हा अर्थाचा ऱ्हास आहे. दोघांना आपापल्या दप्तरात निर्वेध राहू द्यावे, आणि त्यांच्यामधील नाते मात्र निःसंदिग्ध लिहावे. मतभेद मिटवणे नेहमीच शक्य नसते. तो नेमका कोठे आहे हे दोघांनाही एकाच शब्दांत सांगता येणे, हेही अर्थैक्यच होय.

आणि शेवटची विनंती भाषेविषयी. आपले आराखडे इंग्रजीत लिहिले जातात, पण ज्या माणसांच्या कामाचे ते आराखडे आहेत, ती माणसे बोजा, फेरफार, जामीन, मुदत, थकबाकी या शब्दांत विचार करतात. या शब्दांना शतकांच्या व्यवहाराने धार आलेली आहे; त्यांची लक्षणे त्यांच्याच भाषेत लिहून त्यांच्यापुढे वाचली गेली, तर चूक कोठे आहे हे ती माणसे त्याच बैठकीत दाखवून देतील. त्या दिवशी एका कारकुनाने मला एक अर्ज दाखविला नसता, तर तीन खरे आकडे घेऊन आम्ही एक खोटी प्रणाली बांधली असती. आपल्या पुढच्या कामात पहिली चौकट काढण्यापूर्वी आपण प्रत्येकाने खिडकीमागच्या माणसाशेजारी बसावे आणि हा शब्द आपण कोणाला लावता, कोणाला लावीत नाही, एवढे त्याला विचारावे, अशी माझी आपणांस कळकळीची प्रार्थना आहे.