नावापुढची अक्षरे
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत बडोदे येथे केलेले भाषण)



ट्रस्टच्या सभासदांची यादी यंदा नव्याने छापली आहे. ती चाळताना एक गोष्ट सहज डोळ्यांत भरते. बी. ई., एम. एससी., डिप्लोमा ही अक्षरे पानोपानी आहेत. त्याबद्दल ट्रस्टने अभिमान बाळगावा, कारण त्यांतील कित्येकांच्या वह्यापुस्तकांचा खर्च याच ट्रस्टने उचलला आहे. परंतु आपल्या व्यवसायातील संस्थेचे 'फेलो' असल्याचे सांगणारी अक्षरे मात्र बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली ज्या नगरीत कलाभवन स्थापून तंत्रशिक्षणाचा पाया घातला, तेथे कर्तबगार इंजिनिअरांची वानवा असणे शक्य नाही. मग ही अक्षरे का नाहीत? या प्रश्नाचा विचार आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. उदाहरणे इंजिनिअरांची घेतली आहेत, कारण आपल्या सभासदांत त्यांचा भरणा मोठा आहे.

प्रथम पदवी आणि फेलोपद यांतील भेद ध्यानात घेऊ. पदवी विद्यापीठ देते. आपण काय शिकलो याची ती पावती असते. फेलोपद देतात ते आपल्याच धंद्यातील जाणते लोक. आपण काय केले, किती जबाबदारी पेलली आणि इतरांना कसे पुढे नेले, याची ती पावती असते. पहिलीसाठी परीक्षक अनोळखी असला तरी चालते. दुसरीसाठी मात्र आपले काम ओळखणारा माणूस लागतो.

ही पद्धत कशी पडली तेही पाहण्याजोगे आहे. १८१८ साली लंडनच्या एका कॉफीगृहात काही तरुण इंजिनिअर जमले आणि त्यांनी सिव्हिल इंजिनिअरांची संस्था काढली. दोन वर्षांनी, १८२० साली, त्यांनी थॉमस टेलफर्ड यांना पहिले अध्यक्ष केले. टेलफर्ड हे मेंढपाळाचे पुत्र. हातात छिन्नी घेऊन गवंडीकामापासून वर आलेले. त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. रस्ते, कालवे आणि पूल हेच त्यांचे प्रमाणपत्र. १८२८ साली त्या संस्थेस राजसनद मिळाली. आपल्या देशातील इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स १९२० साली स्थापन झाली आणि १९३५ साली तिलाही राजसनद मिळाली. तिच्या पायऱ्या आपणांस ठाऊक आहेत: असोसिएट मेंबर, मेंबर आणि त्यावर फेलो. दिवसा नोकरी करून रात्री कंदिलाशी तिच्या परीक्षांचा अभ्यास करणारे ओव्हरसीअर आणि ड्राफ्ट्समन आपल्यापैकी अनेकांच्या घरांत होऊन गेले. त्या परीक्षेची सरकारी पदवीशी असलेली बरोबरी ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदविलेल्यांपुरतीच राहिली, ही गोष्ट तरुणांनी नीट लक्षात ठेवावी. जुन्या माहितीवर विसंबू नये.

आता वरच्या श्रेणीसाठी काय लागते ते पाहू. अमेरिकेत १८८४ व १९१२ साली निघालेल्या दोन संस्था १९६३ साली एक होऊन विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरांची जी मोठी संस्था झाली, ती 'आय. ट्रिपल ई.' आज जगभर पसरली आहे. तिचे नियम उदाहरणादाखल घेऊ. तेथे स्वतः अर्ज करून मिळणारी सर्वांत वरची श्रेणी म्हणजे सीनियर मेंबर. तिच्यासाठी व्यवसायातील १० वर्षे लागतात, त्यांपैकी ५ वर्षे विशेष कामगिरीची असावी लागतात, आणि आधीच त्या किंवा त्यावरच्या श्रेणीत असलेल्या तिघांची शिफारस लागते. त्याहून वर फेलो. तेथे स्वतःचे नाव स्वतः सुचविता येत नाही. दुसऱ्याने सुचवावे लागते. आणि एका वर्षात मतदानाचा हक्क असलेल्या सभासदांपैकी हजारी एकाहून अधिक फेलो निवडले जात नाहीत.

संस्थेसंस्थेचे नियम वेगवेगळे असतात. परंतु सर्वांच्या मुळाशी तीन गोष्टी असतात. पहिली, जबाबदारीचे काम. दुसरी, त्या कामाची लेखी नोंद. तिसरी, त्याची ग्वाही देणारी माणसे. आमचे स्पष्ट मत असे की, आपल्या लोकांपाशी पहिली गोष्ट भरपूर आहे, दुसरी थोडी आहे आणि तिसरी जवळजवळ नाही.

यावर घरोघरी एक उत्तर तयार असते. "आपले काम बोलेल, आपण कशाला बोलावे?" हा विनय आपल्याला वाडवडिलांकडून मिळाला आहे आणि तो आम्हांसही प्रिय आहे. पण इंजिनिअराचे काम बोलत नाही, हीच तर अडचण आहे! पाण्याची वाहिनी जमिनीखाली असते. नळाला पाणी आले की लोक हंडा भरतात, ती कोणी आखली हे कोणी विचारीत नाही. उपकेंद्र बिघडले की साऱ्या गावाला कळते; वीस वर्षे बिघडले नाही, तर ते कोणालाच कळत नाही. अशा कामाची हकीकत नेमक्या शब्दांत लिहून ठेवणे ही बढाई नव्हे, तो हिशेब आहे. आणि हिशेब ठेवणाऱ्यास आपण गर्विष्ठ म्हणत नाही.

हा हिशेब कसा ठेवावा? साधी वही पुरे. काम कोणते, केव्हाचे, किती खर्चाचे. अडचण काय आली. कोणते दोन-तीन मार्ग समोर होते. त्यांतला कोणता निवडला आणि का. परिणाम काय झाला. आणि हे सर्व कोणी डोळ्यांनी पाहिले. एवढ्या गोष्टी दर सहा महिन्यांनी लिहिल्या तरी दहा वर्षांत अर्जाचा मजकूर आपोआप तयार होतो. एक काळजी मात्र घ्यावी. 'आम्ही पूल बांधला' एवढ्याने परीक्षक मंडळाचे समाधान होत नाही. त्यात आपला निर्णय कोणता, हे वेगळे सांगावे लागते. आणि दुसऱ्याचे काम आपल्या नावावर घालायचे नाही, हेही त्यात आलेच. असे लिहिताना माणसाला स्वतःची खरी उंची कळते. कधी वाटली त्याहून कमी, कधी जास्त.

आता ग्वाहीविषयी. मुंबईच्या जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्यातील अर्देशीर कर्सेटजी १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यानंतरचे भारतीय फेलो श्रीनिवास रामानुजन, १९१८ साली. मध्ये ७७ वर्षे गेली. तेवढ्या काळात या देशात कर्तबगार माणूस झालाच नाही, असे कोण म्हणेल? गुणाला दार सापडावे लागते, आणि ते आतून उघडणारा कोणी असावा लागतो.

भगिनींच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. हर्था एअर्टन या विदुषीला इंग्लंडच्या विद्युत इंजिनिअरांच्या संस्थेने १८९९ साली सभासद करून घेतले. पण १९०२ साली रॉयल सोसायटीपुढे त्यांचे नाव आले, तेव्हा विवाहित स्त्रीला फेलो करता येत नाही, असा कायद्याचा आधार काढून ते नाकारले गेले. आपल्या देशातील ए. ललिता यांचे चरित्र तर प्रत्येक मुलीला सांगावे असे आहे. अठराव्या वर्षी वैधव्य आले, पदरी चार महिन्यांची मुलगी. वडील मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक होते. ते मुलीच्या पाठीशी उभे राहिले; तिने तेथेच विद्युत इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतले आणि पुढे कलकत्त्यास वीजवाहिन्या व उपकेंद्रे यांच्या आराखड्यांचे काम केले. १९५३ साली लंडनच्या त्याच विद्युत संस्थेने त्यांना असोसिएट मेंबर केले, आणि १९६६ साली पूर्ण मेंबर. दोन पायऱ्यांमध्ये १३ वर्षे! घाई नाही, खंडही नाही.

आता ट्रस्टपुढे आमची सूचना. आपली शिष्यवृत्ती पदवीच्या दिवशी संपते. मुलगा किंवा मुलगी नोकरीस लागली की आपण पेढे घेतो आणि पुढच्या अर्जाकडे वळतो. पण त्यापुढची तीस वर्षे त्या तरुणाला पैशाची नव्हे, जाणत्या माणसाची गरज असते. यासाठी फारसा निधी लागणार नाही. आपल्यात जे थोडे फेलो व ज्येष्ठ सभासद आहेत, त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ ट्रस्टच्या वाचनालयात बसावे. तरुणांनी आपल्या वह्या घेऊन यावे. कोणत्या संस्थेत नाव नोंदवावे, वर्गणी किती, अर्जात काय लिहावे, याची चर्चा व्हावी. ज्याचे काम जवळून पाहिले असेल त्याचीच शिफारस करावी. केवळ आपला म्हणून कोणाचीही करू नये. जातभाई म्हणून दिलेली सही त्या तरुणाचाही घात करते आणि ट्रस्टच्या नावाचाही. दुसरे असे की, ज्या गुणवंतास वरच्या श्रेणीची वर्गणी जड जाते, त्याला ती बिनव्याजी उसनी देण्याची तरतूद विश्वस्तांनी यंदाच्या अंदाजपत्रकात करावी.

या अक्षरांनी पगार वाढतोच असे नाही. लग्नपत्रिकेत ती शोभून दिसतात, एवढाच कोणाचा हेतू असेल, तर त्याने वर्गणीचे पैसे वाचवावेत हे बरे. परंतु फेलो म्हणजे मूळ अर्थाने सहकारी, सोबती. ज्याला वडीलधाऱ्यांनी हात देऊन आपल्या पंक्तीला बसविले, त्याने शेजारी आणखी एक पाट मांडावयाचा, हे त्या पदाचे खरे ऋण आहे. आज येथे बसलेल्या प्रत्येक फेलोने पुढील तीन वर्षांत एका योग्य माणसाचे काम जवळून पाहावे आणि त्याचे नाव सुचवावे, एवढेच मागणे आम्ही करतो. सभासदांची यादी पुढे पुन्हा छापली जाईल, तेव्हा ती आपल्या या भाषणाचा निकाल सांगेल.