नाममुद्रेचे रक्षण



वारकरी परंपरेला सालोमालो हे नाव आजही ठाऊक आहे, पण ते आदराने घेतले जात नाही. तुकोबारायांचे अभंग उचलून, त्यांतील नाममुद्रा काढून तेथे स्वतःचे नाव घालणारा म्हणून त्याची आठवण राहिली. त्या काळी देहूत छापखाना नव्हता, कायदा नव्हता, रॉयल्टी हा शब्द नव्हता. तरीही ही चोरी आहे, हे समाजाला कळत होते. अभंगाच्या अखेरची नाममुद्रा ही त्या शब्दांमागच्या साधनेची साक्ष असते, आणि ती पुसणारा माणूस त्या साधनेचाच अपहार करतो.

आज सालोमालो होण्यासाठी लेखणीचीही गरज उरलेली नाही. दिवाळी अंक बाजारात आल्यावर काही दिवसांतच त्याची पीडीएफ घरोघरच्या भ्रमणध्वनीवर फिरू लागते. ती पाठविणारा हात गुन्हेगाराचा नसतो. तो एखाद्या शिक्षकाचा असतो, निवृत्त अधिकाऱ्याचा असतो, समाजकार्यात तन-मन-धनाने गुंतलेल्या कार्यकर्त्याचाही असतो. 'वाचनसंस्कृती वाढावी' हाच त्याचा हेतू असतो. म्हणूनच हा प्रश्न पोलिसांच्या कक्षेतला कमी आणि संस्कारांच्या कक्षेतला अधिक आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. ज्ञान विकणे ही आपली परंपरा नव्हे. ऋषींनी कोठे मानधन घेतले, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. गुरुकुलात विद्या विकली जात नव्हती हे खरे. परंतु गुरूच्या योगक्षेमाचा भार समाज वाहत होता. गुरुदक्षिणेची परंपरा याच कर्तव्यभावनेतून आली. आज लेखकाचा योगक्षेम समाज अन्य कोणत्या मार्गाने चालवतो? विकत घेतलेली प्रत हीच आजची गुरुदक्षिणा आहे. शिवाय दान होते ते स्वतःच्या वस्तूचे. शेजाऱ्याच्या शेतातील धान्य वाटून कोणी दानशूर ठरत नाही.

आपल्या देशात १९५७चा कॉपीराइट कायदा लेखकाला त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण देतो. तथापि कागदावरचा हक्क आणि हातात पडणारा मोबदला यांत मोठे अंतर राहिले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की चित्रपटासाठी मोबदला घेऊन रचलेल्या गीत-संगीताचा प्रथम स्वामी, विरुद्ध करार नसेल तर, निर्माता असतो. त्याच निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी गायकाला कायद्यात हक्कच नाही, याकडे संसदेचे लक्ष वेधले. गीतकार आणि संगीतकारांना न्याय मिळण्यासाठी त्यानंतर ३५ वर्षे जावी लागली. २०१२च्या दुरुस्तीने असे ठरविले, की चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज अन्य वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतील समान वाट्याचा हक्क त्यांना कराराने सोडून देता येणार नाही.

याच दुरुस्तीने आंतरजालाच्या युगाचीही दखल घेतली. डिजिटल हक्क व्यवस्थापन म्हणजे साध्या भाषेत कुलूप. पुस्तक वा गीत सांकेतिक रूपात बंद केले जाते आणि ते उघडण्याची किल्ली ग्राहकाच्या खात्याशी वा यंत्राशी बांधली जाते. कलम ६५अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने हे कुलूप फोडणे हा दोन वर्षांपर्यंत कारावासाचा आणि दंडाचा अपराध आहे. कलम ६५ब त्याहून अर्थपूर्ण आहे. कृतीसोबत जोडलेली निर्मात्याची आणि हक्कांची माहिती जाणूनबुजून व अनधिकाराने काढून टाकणे हाही तितकाच दंडनीय अपराध आहे. नाममुद्रा पुसणाऱ्यासाठी भारतीय कायद्याने योजलेले उत्तर ते हेच.

परंतु कुलूप म्हणजे धर्म नव्हे. पाश्चात्त्य कंपन्यांनी कुलपावरच सारी भिस्त ठेवली तेव्हा काय घडले, तेही पाहिले पाहिजे. २००५ साली सोनी बीएमजीच्या संगीत-तबकड्यांतून ग्राहकांच्या संगणकात छुपी प्रणाली शिरली, सुरक्षिततेला भगदाड पडले आणि कंपनीला तबकड्या परत घ्याव्या लागल्या. २००९ साली ॲमेझॉनने हक्कांच्या वादातून, ग्राहकांनी पैसे मोजून घेतलेले ऑर्वेलचे '१९८४' त्यांच्या वाचनयंत्रांतून परस्पर पुसले. पैसे परत मिळाले, पण घरात येऊन कपाटातील पुस्तक उचलून नेण्याचाच हा प्रकार होता. ज्या कुलपाची किल्ली सर्वस्वी परक्या कंपनीच्या हाती असते, ते लेखकाचेही रक्षण करीत नाही आणि वाचकाचेही.

भारतीय संसदेने येथे अमेरिकेच्या १९९८च्या कायद्याची नक्कल केली नाही. आपल्या कायद्याने ज्या वापराला मनाई केलेली नाही, त्यासाठी कुलूप उघडणे आपल्याकडे अपराध ठरत नाही. मात्र त्यासाठी साहाय्य करणाऱ्याने संबंधित व्यक्तीची नोंद ठेवली पाहिजे. अंध बांधवांसाठी पुस्तक वाचनसुलभ रूपात आणण्याची मोकळीक त्याच दुरुस्तीने दिली. पुढे याच विषयावरील माराकेश कराराला २०१४ साली मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला. निर्मात्याचा सन्मान आणि दुर्बलाची सोय यांचा हा समतोल आपल्या प्रकृतीला साजेसा आहे.

१९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले, तेव्हा सारा देश संतापला. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने लढा दिला आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आजीच्या बटव्यातील ज्ञान परक्याने स्वतःच्या नावावर लावले, याची ती चीड न्याय्यच होती. मग आपल्याच गल्लीतील लेखकाचे पुस्तक फुकट वाटले जाते, तेव्हा ती चीड कोठे जाते? राष्ट्राच्या बौद्धिक संपदेचा अभिमान आणि शेजारच्या सारस्वताच्या कष्टांविषयी बेफिकिरी, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

उपाय घरापासूनच सुरू होतो. आलेली पीडीएफ पुढे पाठविण्यापूर्वी क्षणभर थांबावे. लेख आवडला तर लेखकाच्या नावासह त्याविषयी दोन ओळी लिहाव्यात आणि अंक कोठे मिळेल ते सांगावे. पुस्तक परवडत नसेल तर गावातील ग्रंथालयाचे सभासद व्हावे. तेथील प्रत रीतसर विकत घेतलेली असते. ज्यांचा हक्ककाल संपला आहे ते ग्रंथ मुक्तहस्ताने वाटावेत. ते साऱ्या समाजाचेच धन आहे. आणि घरातील मुलांनी प्रकल्पासाठी कोठून मजकूर घेतला, तर त्याखाली मूळ लेखकाचे नाव लिहायला त्यांना शिकवावे.

यंत्रातील कुलूप आज ना उद्या फुटते. मनातील मर्यादेचे कुलूप मात्र बाहेरून कोणाला फोडता येत नाही. ज्या समाजाने शतकानुशतके संतांच्या नाममुद्रा प्राणपणाने जपल्या, त्याने आपल्या काळातील लेखकाचे नाव आणि त्याचा घास एवढे तरी जपलेच पाहिजे.