आधी ब्रेक, मग रंग

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्याकडे कुठल्याही गावात जा, एखाद्या घरामागे किंवा गोठ्याशेजारी एक जुनी गाडी उभी दिसतेच. चाकांतली हवा गेलेली, हौद्यात पालापाचोळा साचलेला, बॉनेटवर कोंबड्या बसलेल्या. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘करायचीय एकदा.’ हे ‘एकदा’ बहुतेक वेळा उजाडत नाही आणि मग एके दिवशी भंगारवाला वजनकाटा घेऊन दारात येतो. अशी गाडी घरच्या घरी कशी उभी करायची आणि मुळात करायची की नाही, याविषयी मी आज बोलणार आहे.

माझी नोकरी एस.टी.च्या कार्यशाळेत झाली. हातांना ग्रीसची सवय तिथलीच. पण मी सांगणार आहे ती गोष्ट एस.टी.ची नाही, आमच्या घरच्या पिकअपची आहे. ही गाडी माझ्या थोरल्या भावाची. नाशिक जिल्ह्यातलं आमचं गाव. दादा या गाडीतून टोमॅटो, कोबी, द्राक्षांच्या पेट्या बाजार समितीत नेत असे. स्वतःचा माल कमी, गावाचा जास्त. आम्हा धाकट्या भावंडांची शिक्षणं आणि बहिणीचं लग्न या गाडीच्या भाड्यावर झालं, असं म्हटलं तर त्यात काहीच फुगवून सांगितल्यासारखं नाही. दादा आजारी पडला तेव्हा ती शेडमध्ये गेली, ती तिथेच राहिली. तो गेल्यावर पुतण्या म्हणाला, ‘काका, देऊन टाकू. जागा अडलीय.’ वहिनी काही बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, ‘भावजी, एकदा बघून तर घ्या.’

म्हणून आम्ही बघितली.

गाडी महिंद्राची, जीपच्या घराण्यातली. महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि त्या एका सांगाड्यावर पुढे कितीतरी गाड्या निघाल्या. ऐंशीच्या दशकात या गाड्यांना फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याचं डिझेल इंजिन मिळालं. त्याचं नाव एक्सडीपी ४.९०. चार म्हणजे चार सिलिंडर आणि नव्वद म्हणजे सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. क्षमता २,११२ सीसी. याच काळात टाटांची ४०७ आली १९८६ मध्ये आणि टाटामोबाइल पिकअप आली १९८८ मध्ये. शेतमाल बैलगाडीतून आणि एस.टी.च्या टपावरून उतरून छोट्या गाड्यांत चढला, तो साधारण याच वर्षांत.

या वंशावळीचा एक परिणाम पाना हातात घेतला की लगेच कळतो. सांगाडा अमेरिकन वळणाचा, म्हणून तिथले नट-बोल्ट इंचाचे. इंजिन फ्रेंच, म्हणून तिथले मिलिमीटरचे. अर्ध्या इंचाच्या बोल्टला तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो. पण बोल्ट गंजलेला असेल तर त्याचे कोपरे झडतात आणि मग छिन्नी-हातोडा आला. तेव्हा पान्यांचे दोन्ही संच जवळ ठेवा आणि काढलेला प्रत्येक बोल्ट ज्या भागाचा त्याच भागाच्या नावाच्या डबीत ठेवा. आमच्याकडे लोणच्याच्या रिकाम्या बरण्या होत्या, त्या कामी आल्या.

पण पान्याच्याही आधी कागद. गाडीवरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर पुसून, घासून वाचा आणि आर.सी. बुकाशी ताडून पाहा. जुळत नसतील तर एक रुपयाही घालू नका. गाडीमालक हयात नसेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते; त्यासाठी नमुना ३१ चा अर्ज असतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. मालवाहू गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी झाली की फिटनेस दरवर्षी. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांसाठी ही शुल्कं बरीच वाढली आहेत. शिवाय पर्यावरण कर आणि विमा. हा सगळा हिशेब वहीत मांडा आणि त्याखाली दुरुस्तीचा अंदाज लिहा. पुष्कळ वेळा उत्तर ‘नको’ असंच येतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण भंगारात द्यायचीच तर सरकारमान्य केंद्रात द्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर गाडी तुटते आणि नाव मात्र तुमच्या गळ्यात राहतं.

काही जण विचारतात, ‘व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल का?’ केंद्र सरकारने २०२१ मध्ये तसे नियम केले आहेत, पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याला चालवता येत नाही. आमची गाडी त्या वयात अजून आलेली नाही.

आता गंज. वरून दिसणारा गंज फसवा असतो. रंगाला फोड आलेला दिसतो तेव्हा खालचं काम बरंच पुढे गेलेलं असतं, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि रंगाला आतून ढकलतो. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: दाराचा खालचा कोपरा, पायाखालच्या रबरी मॅटखालचा पत्रा, हौद्याखालच्या आडव्या पट्ट्या, केबिन जिथे चॅसीवर बसते ते कोपरे आणि पाट्यांचे हँगर. एक जुना स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि टोचत जा. ठण आवाज आला तर ठीक. भुस्सकन आत गेला तर तो पत्रा बदलायचा. पत्रा बदलता येतो, हौदा नवा करता येतो. पण चॅसीच खाल्ली गेली असेल तर घरच्या अंगणात त्याला इलाज नाही. कोकणातल्या मित्रांनी हे जास्त काळजीने बघावं, कारण खाऱ्या हवेत गंजाचा वेग वाढतो. आमची चॅसी सुदैवाने शाबूत होती. पत्रा मात्र जागोजाग गेला होता.

मग इंजिन. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला नवी बॅटरी लावून सेल्फ मारण्याचा मोह प्रत्येकाला होतो. आमच्या पुतण्यालाही झाला. मी बॅटरी बाजूला ठेवली. सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटलेल्या असू शकतात. जोर लावला तर रिंग तुटते आणि सिलिंडरवर ओरखडा उठतो. आम्ही हीटर प्लग काढले, त्या भोकांतून थोडं थोडं पातळ ऑइल सोडलं आणि आठवडाभर हात लावला नाही. पुढच्या रविवारी क्रँकच्या पुलीला पाना लावून हळूच दाब दिला. चौथ्या रविवारी इंजिन बोटभर सरकलं. पुतण्या ओरडला, ‘काका, हललं!’ त्या दिवसापासून ‘जागा अडलीय’ हे वाक्य बंद झालं.

या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरवर फवारत नाही, शेजारच्या छोट्या कप्प्यात फवारतं. थंड असताना त्या कप्प्याच्या भिंती उष्णता शोषून घेतात आणि डिझेल पेटत नाही. म्हणून हीटर प्लग. सकाळी गाडी चालू होत नाही म्हणून सेल्फ आणि पंपावर खर्च करणारे बरेच असतात. आधी प्लग तपासा. टाकी उतरवून धुवून घ्या, तळाला पाणी आणि काळा गाळ हमखास निघतो. टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग अजिबात नको. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ असते. डिझेल पंप आणि नोझल घरी उघडू नका, पंपाचं काम करणाऱ्या दुकानात द्या. नोझलची धार इतक्या दाबाची असते की ती कातडीतून आत शिरते. तिच्यासमोर हात धरून ‘येतंय का’ बघणारे मी नोकरीत पाहिले आहेत आणि त्यांचे हातही पाहिले आहेत.

इंजिन धडधडलं की घरात पेढे वाटले जातात आणि रंगाच्या गोष्टी सुरू होतात. इथे मी हट्टाने थांबवतो. चालणारी गाडी सोपी आहे, थांबणारी अवघड. आधी ब्रेक, मग रंग.

आमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. उभ्या गाडीत व्हील सिलिंडरमधली रबरं कडक होतात आणि आतला पिस्टन गंजून बसतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. साध्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २०५ अंश सेल्सियस असतो. पाणी मुरलं की तो १४० अंशांपर्यंत येऊ शकतो. घाट उतरताना ड्रम तापतात, ऑइलला उकळी फुटते, वाफ तयार होते आणि पॅडल थेट जमिनीला टेकतं. माल भरलेली गाडी, कसारा घाट आणि जमिनीला टेकलेलं पॅडल, एवढं डोळ्यांसमोर आणा. म्हणून मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, रबरी होज आणि गंजलेल्या नळ्या नव्या घाला. जुनं वापरून बघू, हा विचार इथे नको. आणि ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

टायर दिसायला नवे असले तरी त्यांचं वय बघा. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २४१० म्हणजे २०१० सालचा चोविसावा आठवडा. नक्षी शिल्लक आहे म्हणून असा टायर चालवणं म्हणजे जीव रबराच्या भरवशावर सोडणं. आणि गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नका. खाली घोड्या लावा, चाकांना उटी लावा, मगच शिरा.

सुटे भाग मिळतात. जीपच्या घराण्याचा हा मोठा फायदा. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड आहे, आणि प्रत्येक तालुक्याला जीपवाला मिस्त्री असतोच. काढलेला भाग सोबत घेऊन जा. तोंडी वर्णनावर आणलेला भाग परत करायला जावं लागतंच.

शेवटी रंग. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरून चाला. कोरडा घासू नका, पाणी लावून घासा, नाकाला चांगला मास्क बांधा आणि लहान मुलांना लांब ठेवा. गंज पूर्ण काढल्याशिवाय लांबी भरू नका. गंजावर भरलेली लांबी एका पावसाळ्यात सुटते. काही गॅरेजवाले भोकात वर्तमानपत्र कोंबून वर लांबी ओढतात. आमच्याच गाडीच्या दारातून असा कागद निघाला, तारीख वाचता येत होती.

रंग देताना मागच्या फाळक्यावरचा खोलगट पोचा काढायला मी हातोडा उचलला, तेव्हा वहिनी पहिल्यांदाच मधे बोलल्या. ‘तो राहू द्या, भावजी. लग्नाचं वऱ्हाड आणताना झाडाला लागली होती.’ पोचा राहिला. पुतण्याने तेवढ्या भागावर नुसता रंग फिरवला.

पैशाचं स्पष्ट सांगतो. एवढ्या खर्चात एखादी बरी वापरलेली गाडी आली असती. त्यामुळे फायद्यासाठी हे कोणी करू नये. आणि जुनं डिझेल इंजिन आजच्या इंजिनाइतकं स्वच्छ कधीच नसतं, हेही लपवण्यात अर्थ नाही. पंप-नोझल नीट केल्यावर काळा धूर पुष्कळ कमी झाला, पण रोज शंभर किलोमीटर पळवायला ही गाडी नाही. तिचं यांत्रिक काम पूर्ण झालंय, कागदांचं चालू आहे. ते होईपर्यंत ती आमच्या बांधाबाहेर जात नाही. मळ्यातून घरापर्यंत कांद्याच्या गोणी आणते, तेवढंच.

मग मिळालं काय? पुतण्याला दादा फक्त आजारपणातला आठवत होता. गाडी उघडताना त्याला निराळा बाप भेटला: ज्याने पाट्याला तारेने बांधून माल पोचवला होता, ज्याच्या सीटखाली हिशेबाच्या चिठ्ठ्या होत्या, कोणाचं भाडं घेतलं नाही तेही त्यांत लिहिलेलं. त्या चिठ्ठ्या आता वहिनींच्या ट्रंकेत आहेत.

तुमच्याकडेही अशी गाडी असेल, तर या रविवारी फक्त तिचे कागद शोधा आणि एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तिच्याभोवती फिरा. करायची की द्यायची, ते ठरवा. पण ठरवा. पावसात उभं ठेवून वाट बघण्यात गाडीचंही भलं नाही आणि तुमचंही नाही.